घरीं आलेलें कांसवाचें पिलूं

आपल्या संतवाङ्मयांत कांसवीची दृष्टि फार प्रसिद्ध आहे. कांसवी नदीच्या एका तीरावर असते, तिचीं पिलें दुसऱ्या तीरावर असतात. ती त्यांस दूध पाजीत नाहीं, घांस भरवीत नाहीं. केवळ प्रेमानें त्यांच्याकडे पाहते आणि त्या पाहण्यानेंच पिलें पुष्ट होतात, अशी ती कल्पना. शाळेंत मराठी शिकवीत असतांना हा दृष्टांत मीं किती वर्गांना समजावून दिला असेल, याची गणती नाहीं.

निसर्गांत मात्र प्रकार निराळा आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकांसवांच्या माद्या रात्रीं येतात, वाळूंत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडीं घालतात, खड्डा बुजवितात आणि समुद्रांत परत जातात. चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ या संस्थेनें २००२ सालापासून तेथें गांवकऱ्यांच्या साह्यानें या अंड्यांच्या रक्षणाचें काम आरंभिलें, म्हणून हा प्रकार आज शेंकडों लोकांना जाऊन पाहतां येतो. सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें वाळूंतून वर येतात आणि आईचें तोंडही न पाहतां लाटेकडे धांव घेतात.

तात्पर्य, कांसवाचें पिलूं जन्मतःच पोरकें असतें. तें स्वतःच्या बळावर जगण्यास समर्थही असतें. पण हवें तें पाणी, हवें तें ऊन आणि हवें तें अन्न शोधण्याची मोकळीक त्याला असेल तरच. तेंच पिलूं आपण कांचेच्या भांड्यांत घातलें, कीं ती मोकळीक संपली. आणि संतांनीं वर्णिलेली कांसवीची दृष्टि आपल्याकडे आली. त्या दृष्टीविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

गेल्या वर्षींची गोष्ट. आषाढी एकादशी दोन दिवसांवर आली होती. आमच्या वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दर्शनाच्या रांगेसाठीं बांबूचे कठडे बांधणें चाललें होतें. त्या संध्याकाळीं माझ्या नातीचा नववा वाढदिवस होता, आणि माझ्या मुलाच्या एका स्नेह्यानें तिला भेट म्हणून झांकणाला चार भोंकें पाडलेला एक प्लॅस्टिकचा डबा आणून दिला. डब्यांत बोटभर पाणी, आणि त्यांत रुपयाच्या नाण्याहून थोडेंसेंच मोठें असें हिरवें पिलूं! हल्लीं पुष्कळ घरांत पाण्याच्या ताटलींत पितळेचें कांसव ठेवण्याची चाल पडली आहे. त्या कांसवाला खावयास लागत नाहीं, प्यावयास लागत नाहीं आणि तें मरतही नाहीं. हें मात्र मान वर करून आमच्याकडे पाहत होतें.

सगळीं मंडळी आनंदांत होतीं. माझा मुलगा तेवढा गप्प उभा होता. पाहुणे गेल्यावर तो मला एवढेंच म्हणाला, “बाबा, या वेळीं तरी ‘झोपलंय’ असं सांगूं नका.”

या वाक्याचा अर्थ कळण्यासाठीं मला तीस वर्षें मागें जाणें प्राप्त आहे. मुलगा त्या वेळीं आठ वर्षांचा होता, आणि असेंच एक पिलूं मीं स्वतः त्याला बाजारांतून आणून दिलें होतें. दुकानदारानें त्याबरोबर एक उथळ बशी दिली. तिच्या मधोमध हिरव्या प्लॅस्टिकचें नारळाचें झाड होतें. ती बशी आम्हीं दिवाणखान्यांतील कपाटावर ठेवली. तेथें उन्हाचा कवडसाही येत नसे. खावयास पोळीचा चुरा आणि भाताचीं शितें. पाणी बदलावयाचें तें रविवारीं. कांहीं आठवड्यांनीं त्याचे डोळे सुजून मिटले. पाठ ओल्या पुठ्ठ्यासारखी मऊ लागूं लागली. पुढें तें हालेनासें झालें. मुलानें विचारलें, “बाबा, हें हलत का नाही?”

चाळीस मुलांपुढें उभें राहून वर्षानुवर्षें प्रश्नांचीं उत्तरें देणाऱ्या माणसाच्या अंगीं एक खोड जडते: उत्तर ठाऊक नसलें तरी तें दिल्यावांचून त्याला राहवत नाहीं. थंड देशांतील कांसवें हिवाळ्यांत निद्रा घेतात, असें मीं कोठेंतरी वाचलें होतें. महिना जानेवारीचा होता. मीं सांगून टाकलें, “झोपलंय. थंडी सरली कीं उठेल.” मुलानें आपला हातरुमाल त्याच्यावर पांघरला. पुढें आठवडाभर तो घरांत हळू आवाजांत बोलत असे आणि दुसऱ्या कोणाला मोठ्यानें बोलूं देत नसे. शेवटीं वास येऊं लागला, तेव्हां खरें काय तें सर्वांना कळलें. मुंबईची जानेवारी ती केवढी, आणि तिची थंडी ती कसली! तो रडला नाहीं. त्यानें फक्त विचारलें, “तुम्हांला माहीत नव्हतं का?” आणि मीं, ‘शाळेला उशीर होतो आहे’ असें म्हणून चपला पायांत घातल्या.

म्हणून या खेपेस मीं उत्तर देण्याआधीं शिकावयाचें ठरविलें. पुस्तकें चाळलीं, प्राण्यांच्या वैद्यांस विचारलें, आणि जें कळलें तें रोज ताडून पाहिलें. त्याचें सार आपणांस सांगतों.

पहिली गोष्ट ओळखीची. आपल्या घरीं आलेलें कांसव कोणत्या जातीचें आहे, हें त्याला खावयास देण्याच्याही आधीं पाहावें. कारण प्रश्न केवळ निगेचा नसून कायद्याचाही आहे. काळ्या घुमटाकार पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलें तारा-कांसव, पोटाखालीं पाय झांकणाऱ्या पाळ्या असलेलें मऊ पाठीचें कांसव, पाठीवर घराच्या आढ्यासारखा कणा असलेलें कांसव, हीं सर्व आपल्या देशांतील होत. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें तीं घरांत बाळगणें हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनें तारा-कांसवास पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविलें आहे. चोरट्या व्यापारानें या जातीची इतकी लूट केली, कीं २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय करारानेंही तिच्या व्यापारावर कडक बंदी घातली. असें कांसव कोणीं दिलेंच, तर तें लपवूं नये, आणि पुण्य म्हणून एखाद्या तळ्यांत सोडूंही नये. वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवून त्यांच्या स्वाधीन करावें.

आमच्या पिलाच्या डोळ्यामागें दोन्ही बाजूंस लाल पट्टा होता. हें रेड-इअर्ड स्लायडर जातीचें, पाण्यांत राहणारें कांसव. याचें मूळ ठिकाण अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें खोरें. मुंबईच्या बाजारांत लहान पिलें म्हणून जीं विकलीं जातात, तीं बहुधा हींच. परदेशी प्राण्यांच्या कांहीं जातींची नोंद करण्याचे नियम केंद्र सरकारनें २०२४ सालीं केले आहेत. तेव्हां आपल्याकडील प्राणी त्या यादींत येतो कीं नाहीं, याचीही चौकशी करून घ्यावी.

आतां त्याच्या बिऱ्हाडाविषयीं. नवें पिलूं आलें, कीं मुलें त्याला सारखीं उचलतात. पहिले दोन-तीन दिवस तें स्वस्थ असूं द्यावें. तें घाबरलेलें असतें, कदाचित् खाणारही नाहीं. त्याची काळजी करूं नये. बशी आणि नारळाचें झाड प्रथम फेंकून द्यावें. हें कांसव पोहणारें आहे. त्याला पाय बुडण्यापुरतें नव्हे, पोहण्यापुरतें पाणी पाहिजे. तें पालथें पडलें तर पाण्यांत वळून सुलट होतां आलें पाहिजे, म्हणून पाण्याची खोली निदान त्याच्या पाठीच्या रुंदीहून अधिक असावी. त्याचबरोबर सर्व अंग कोरडें करून बसतां येईल असा दगड किंवा फळी हवी, आणि तीवर चढण्यास सोपा उतार हवा. नळाचें पाणी एक दिवस उघड्या बादलींत ठेवून मग घालावें, म्हणजे त्यांतील क्लोरीन निघून जातो. हा प्राणी ज्या पाण्यांत खातो त्याच पाण्यांत घाण करतो. म्हणून फिल्टर असला तरी दर आठवड्यास पाण्याचा बराचसा भाग बदलावा, आणि फिल्टर नसेल तर दोन दिवसांहून अधिक एकच पाणी ठेवूं नये.

दुसरी गोष्ट उन्हाची. आणि माझें पहिलें पिलूं मेलें तें मुख्यत्वें याच अज्ञानानें. कांसवाचें कवच म्हणजे अंगावर चढविलेली पेटी नव्हे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा त्या कवचाला जोडलेला असतो. तें त्याचें हाड आहे, आणि त्याला स्पर्शही कळतो. म्हणूनच त्यावर रंग लावणें, तेल चोळणें, नांव कोरणें हे सर्व अत्याचार होत. हें हाड घट्ट होण्यास चुना लागतो, आणि तो अंगीं लागण्यास सूर्याचे अतिनील किरण लागतात. येथें एक फसगत होते. खिडकीच्या कांचेंतून ऊन आंत येतें, उबही येते, पण ते विशिष्ट किरण कांच अडवून धरते. बंद खिडकीमागें ठेवलेलें पिलूं उजेडांत असूनही उपाशीच राहतें. तेव्हां त्याला सकाळचें कोंवळें ऊन उघड्यावर द्यावें. पण त्यांतही जपलें पाहिजे. वैशाखांत गॅलरींत ठेवलेलें लहान टोपलें पाहतां पाहतां कढत होतें आणि त्यांतून पळण्यास जागा नसते. म्हणून निम्म्या भागावर सावली हवीच. वर जाळीही हवी. वडाळ्याचे कावळे आणि घारी यांना हा घांस फार मोठा नाहीं.

आमचें पिलूं आलें तें आषाढांत. पुढें दोन महिने सूर्यदर्शन दुर्मिळ. म्हणून अतिनील किरणांचा दिवा आणणें भाग पडलें. तो दिवसा दहा-बारा तास चालू असतो व रात्रीं बंद. या दिव्याचा प्रकाश दिसत राहिला तरी ते किरण कालांतरानें मंदावतात. त्यामुळें सहा महिन्यांपासून वर्षाच्या आंत, त्याच्या वेष्टनावरील सूचनेप्रमाणें, तो बदलावा लागतो. पाण्याची उष्णता पिलासाठीं २५ ते २८ अंश असावी. मुंबईंत वर्षाचा बहुतेक काळ ती आपोआप असते. पौष-माघांतील रात्रीं मात्र उष्णतामापक पाहिल्याशिवाय झोपूं नये. पाणी अर्धवट गार झालें, कीं कांसव मंद होतें, अन्न पचत नाहीं, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं तें झोपलें आहे. या वाक्यापाशीं मी दर खेपेस थांबतों.

तिसरी गोष्ट अन्नाची. पोळी, भात, दूध, बिस्किटें यांपैकीं कांहींही देऊं नये. लहानपणीं हें कांसव बव्हंशीं मांसाहारी असतें आणि वय वाढेल तसतसें पाल्याकडे वळतें. पाण्यांतील कांसवांसाठीं दाणेदार खाद्य मिळतें, तें मुख्य समजावें. पिलास रोज एकदां, त्याच्या डोक्याच्या आकाराएवढें. जोडीला गांडूळ, किसलेलें गाजर, कोंवळा पाला. पालक सारखा देऊं नये, त्यानें चुना अंगीं लागत नाहीं. खारवलेली सुकट तर मुळींच नको. चुन्यासाठीं काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारा समुद्रफेनाचा तुकडा चांगला धुऊन पाण्यांत टाकून ठेवावा; पिलूं तो आपल्या इच्छेनें कुरतडतें. अन्न नेहमीं पाण्यांतच टाकावें, कारण या जातीला कोरड्या जागीं घांस गिळतां येत नाहीं. पांच-दहा मिनिटांत जें उरेल तें काढून टाकावें. कांसव मागेल तितकें द्यावयाचें ठरविलें, तर त्याच्या मागण्यास अंत नाहीं.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःच्या आरोग्याची. निरोगी दिसणाऱ्या कांसवाच्या अंगावरही साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात, आणि त्यांपासून लहान मुलांस जुलाब व ताप यांचा तीव्र आजार होतो. अमेरिकेंत असे आजार इतके झाले, कीं १९७५ सालीं तेथील सरकारनें चार इंचांहून लहान कांसवांची विक्री बंद केली. कारण लहान पिलूं मुलें तोंडाशीं नेतात. तेव्हां नियम साधा: कांसवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लागला, कीं साबणानें हात धुवावयाचे. त्याचें भांडें स्वयंपाकघराच्या मोरींत धुवावयाचें नाहीं. माझ्या सूनबाईंनीं पहिल्याच दिवशीं, “बाबा, त्याची बादली वेगळी आणि घासणीही वेगळी,” असें बजाविलें. त्या वेळीं मला तें कडक वाटलें होतें. आतां तेंच शास्त्र ठरलें आहे. पांच वर्षांच्या आंतील मुलें, गरोदर स्त्रिया आणि फार वृद्ध माणसें यांनीं त्याला हाताळूंच नये.

दुखण्याचीं लक्षणें ओळखतां आलीं पाहिजेत. डोळे सुजणें, नाकाशीं बुडबुडे येणें, पोहतांना एका अंगावर कलणें, पाठ दिवसेंदिवस मऊ होणें, चार-पांच दिवस अन्नास तोंड न लावणें. यांपैकीं कांहींही दिसलें, तर घरगुती उपाय न करतां वैद्याकडे जावें. सरपटणाऱ्या प्राण्यांचें ज्ञान सर्वच वैद्यांस नसतें, म्हणून अशा वैद्याचें नांव आधींच शोधून ठेवावें. आम्हां वडाळेकरांस परळचें बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय जवळ आहे. आरंभीं तेथें चौकशी करतां येते.

आतां शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट. रुपयाएवढें हें पिलूं रुपयाएवढेंच राहणार नाहीं. मादी असेल तर तिची पाठ २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते. नर कांहींसा लहान राहतो. पूर्ण वाढलेल्या कांसवास कित्येकशें लिटर पाणी मावेल अशी टाकी लागते. आमच्या दोन खोल्यांच्या घरांत ती कोठें ठेवावयाची, यावर घरांत तीन वेळां सभा भरली आहे. आणि नीट निगा राखली, तर हा प्राणी वीस-तीस वर्षें, क्वचित् त्याहूनही अधिक, जगतो.

इंग्लंडांतील सेल्बोर्न गांवचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याला १७८० सालीं नात्यांतील एका वृद्ध बाईंच्या मृत्यूनंतर तिचें कांसव मिळालें. तें केव्हां उठतें, काय खातें, पाऊस येण्यापूर्वीं कसें वागतें, याची त्यानें बारकाईनें टिपणें केलीं आणि तीं त्याच्या १७८९ च्या पुस्तकामुळें जगप्रसिद्ध झालीं. त्याचें नांव टिमोथी होतें; ती मादी होती, हें पुढें तिच्या कवचावरून कळलें! १७९३ सालीं व्हाइट वारला, तेव्हां कांसव जिवंतच होतें. कांसव पाळणें म्हणजे मृत्युपत्रांत एक कलम वाढविणें होय.

पुष्कळ घरांत या कलमाचा निकाल एकाच रीतीनें लागतो. कांसव वाढलें, घाण होऊं लागली, मुलांचा उत्साह ओसरला, कीं एके दिवशीं तें पिशवींत घालून तलावांत किंवा देवळाच्या कुंडांत सोडलें जातें, आणि घरीं परत येतांना पुण्य केल्याचें समाधान मिळतें. श्रोतेहो, हें पुण्य नव्हे. जगांतील सर्वांत उपद्रवी ठरलेल्या शंभर परक्या जातींच्या यादींत हें कांसव आहे. तें आमच्या देशी कांसवांची ऊन खाण्याची जागा बळकावतें, त्यांचें अन्न खातें आणि त्यांना रोगही देऊं शकतें. एका मुक्या जीवाची अडचण टाळण्यासाठीं आपण दुसऱ्या अनेक मुक्या जीवांवर ती लोटतों. सांभाळणें खरोखरच अशक्य झालें, तर सांभाळणारें दुसरें घर शोधावें, प्राणिसंस्थांकडे विचारावें. पण पाण्यांत सोडूं नये.

म्हणून ज्यांच्या घरीं कांसव आलेलें नाहीं त्यांना माझें सांगणें, कीं हौसेनें आणूं नये, आणि दुसऱ्याच्या मुलाला भेट म्हणून तर कधींच देऊं नये. ज्यांच्या घरीं तें आलेंच आहे, त्यांनीं मात्र तें आपल्यावर आलेलें काम समजावें.

आमच्याकडे आतां एक वही आहे. नात रोज तींत पाण्याची उष्णता, खाल्लेल्या दाण्यांची संख्या आणि दर रविवारीं पट्टीनें मोजलेली पाठ लिहिते. पिलूं आलें तेव्हां पाठ साडेतीन सेंटिमीटर होती. आठ महिन्यांनीं ती सहा भरली, आणि बोटानें दाबली तर दबत नाहीं. माझा मुलगा कामावरून आला, कीं चहापूर्वीं टाकीपाशीं दोन मिनिटें उभा राहतो. बोलत कांहीं नाहीं.

परवां नातीनें विचारलें, “आजोबा, हा नर आहे का मादी?” मीं म्हटलें, “मला ठाऊक नाही. नराच्या पुढच्या पायांचीं नखं लांब होतात. पण तीं मोठेपणीं. तोंवर आपण पाहत राहूं.” तिनें वहींत लिहिलें: ‘नर कीं मादी, आजोबांना माहीत नाही. पाहत राहायचें.’ मास्तरकीच्या साऱ्या आयुष्यांत माझ्या उत्तराची इतकी अचूक नोंद कोणीं केल्याचें मला स्मरत नाहीं.